झाडावरचे बिऱ्हाडकरू : मुंगी, वृक्ष आणि दख्खन

हैदराबादेतील मराठी समाजाचा इतिहास सांगू लागले की आपण प्रथम संस्थांची नावे घेतो. १९०७ सालची विवेक वर्धिनी, सुलतान बाजार व बडीचावडीतील वाचनाची ठिकाणे, काचीगुडा ते अंबरपेठ या पट्ट्यात वसलेली घराणी, गणेशोत्सव, व्याख्यानमाला ही यादी आपल्याला मुखोद्गत असते. ज्या झाडांच्या सावलीत हा सारा व्यवहार घडला त्यांची नोंद मात्र आपल्या कागदपत्रांत क्वचितच सापडते. मुशीच्या उत्तर तीरावरील आमच्या अंबरपेठेचा एक भाग आजही ‘बाग अंबरपेठ’ म्हणून ओळखला जातो. नावात बाग राहिली, बाग कशी होती हे सांगणारे थोडेच उरले. झाडांची ही कथा, तर झाडांवर राहणाऱ्यांची दखल कोण घेणार?

प्रस्तुत लेखात आम्ही झाडांवरील एका अतिप्राचीन रहिवाशाचा, म्हणजे मुंगीचा, विचार करणार आहोत. उष्ण कटिबंधातील वृक्ष आणि मुंग्या यांचे नाते हा आज परिसरविज्ञानातील एक मोठा विषय आहे. या विषयाचे काही आरंभीचे धागे पुणे, जालना आणि सह्याद्री यांच्याशी जुळलेले आहेत, ही गोष्ट मराठी वाचकांस फारशी परिचित नाही. या नात्यासाठी शास्त्रज्ञ ‘सहजीवन’ किंवा ‘परस्परोपकार’ असे भारदस्त शब्द वापरतात. आम्हांस त्याहून नेमका वाटतो तो आपला घरगुती शब्द, बिऱ्हाड. बिऱ्हाडकरू हा घरमालकाचा भाऊ नव्हे आणि चोरही नव्हे. तो भाडे देतो, जागा वापरतो, कधी घराची राखण करतो, तर कधी घरच बळकावतो. या चारही परी झाडावरच्या मुंग्यांत पाहावयास मिळतात.

पुण्याचे कर्नल आणि जालन्याचे डॉक्टर

पेशवाईच्या अस्तानंतर मुंबई सरकारने दख्खनची मोजदाद करण्याचे काम विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याकडे सोपविले. १८२४ ते १८३१ या काळात साइक्स यांनी गावे, पिके, पशू, पक्षी, हवामान अशा सर्व बाबींची टिपणे घेतली. त्यांतील मुंग्यांविषयीचा भाग १८३५ साली लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेने प्रसिद्ध केला. त्यात पुण्याच्या तीन मुंग्या विशेष लक्षात राहतात.

पहिली मुंगी गवताचे बी साठविणारी. पावसाळ्याच्या अखेरीस भिजलेले बी ती बिळाबाहेर आणून उन्हात वाळत घालते, हे साइक्स यांनी पाहिले आणि तिचे नाव ‘दूरदर्शी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ठेविले. आपल्याकडच्या गृहिणीने डाळी-धान्यास ऊन द्यावे, तसाच हा प्रकार. दुसरी मुंगी त्यांच्या जेवणाच्या मेजावरच्या मिठाईची चाहती. मेजाचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवूनही ती येई. शेवटी उलगडा झाला तो असा, की ती भिंतीवर चढे आणि नेमकी मिठाईच्या वर आल्यावर अंग सोडून देई. साइक्स यांनी तिला ‘न थकणारी’ असे नाव दिले.

आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची ती तिसरी. सह्याद्रीच्या घाटांत झाडांच्या फांद्यांवर तिची चेंडूसारखी गोल घरटी साइक्स यांना आढळली. शेणाचे पातळ पापुद्रे कौलांप्रमाणे एकावर एक चढविलेले आणि माथ्यावर टोपीसारखा अखंड पापुद्रा, असे हे घर. पावसाचे पाणी वरून ओघळून जाते आणि पापुद्र्यांच्या कमानींखालून मुंग्यांची ये-जा चालू राहते. कोकणातील कौलारू घर ज्याने पाहिले आहे त्यास ही रचना समजावून सांगावी लागणार नाही. ही मुंगी आज क्रेमॅटोगॅस्टर या वंशात गणली जाते. डिवचल्यावर आपले बदामी आकाराचे पोट डोक्यावर उभारून धरण्याची तिची सवय कोणालाही ओळखता येण्याजोगी आहे.

साइक्स यांच्यानंतर येतात थॉमस जर्डन. हे मद्रास सैन्यातील शल्यवैद्य. त्यांची पलटण काही वर्षे जालन्यास होती, आणि जालना तेव्हा निजामाच्या राज्यात मोडत होते. आपल्यापैकी अनेक घराण्यांची मूळ गावे ज्या मराठवाड्यात आहेत, त्याच मराठवाड्याच्या माळरानावर हा डॉक्टर पक्षी टिपत फिरला. पुढे १८५१ साली मद्रासच्या नियतकालिकात त्यांनी दक्षिण हिंदुस्थानातील मुंग्यांची सूची प्रसिद्ध केली. तीत वर्णिलेली एक मुंगी दख्खनमध्ये कोणीही पाहू शकेल. डोके व पोट काळे, मधला भाग तांबूस, शरीर लांबट व सडपातळ आणि दंश मात्र गांधीलमाशीची आठवण करून देणारा. ही मुंगी झाडांच्या वाळक्या, पोकळ लाकडात राहते. जर्डन यांनी तिच्या नावात तांबडा व काळा हे दोन्ही रंग गुंफले. ही तांबडी-काळी मुंगी वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण तिचे दूरचे आप्त पुढे मध्य अमेरिकेत भेटणार आहेत.

यानंतरची पिढी मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेची. १८८३ साली या संस्थेची स्थापना करणाऱ्यांत एडवर्ड एटकेन होते. जन्म साताऱ्याचा, नोकरी मीठ व जकात खात्यातील, आणि ‘ईहा’ या टोपणनावाने लिहिलेले त्यांचे खुसखुशीत निसर्गलेखन एके काळी घरोघरी वाचले जाई. मुंबई इलाख्याच्या वनखात्यातील रॉबर्ट रॉटन यांनी १८९२ साली संस्थेच्या नियतकालिकात ‘आपल्या मुंग्या’ या अर्थाच्या मथळ्याचा दीर्घ लेख लिहिला. त्यांनी जमविलेले नमुने स्वित्झर्लंडमधील ऑग्युस्त फोरेल यांच्याकडे जात. फोरेल हे व्यवसायाने मनोरुग्णतज्ज्ञ, परंतु मुंग्यांच्या अभ्यासाने इतके कीर्तिमान झाले, की पुढे हजार स्विस फ्रँकच्या नोटेवर एका बाजूस त्यांचे चित्र आणि दुसऱ्या बाजूस मुंग्या छापल्या गेल्या. १९०३ साली चार्ल्स बिंगहॅम यांचा हिंदुस्थानातील मुंग्यांवरील ग्रंथ निघाला आणि सत्तर वर्षांच्या या फुटकळ नोंदींना एकत्र रूप आले.

या सर्वांनी नावे ठेविली ती लॅटिनमध्ये, आणि तेही योग्यच. परंतु जंगलात व बागेत वावरणाऱ्या आपल्या लोकांपाशी या प्राण्यांची नावे त्यापूर्वीच होती. मोठा काळा तो मुंगळा किंवा डोंगळा. कोकणात व गोव्यात आंब्यावर पानांची घरटी शिवणारे तांबडे ते हुमले. बस्तरच्या बाजारात हेच हुमले ‘चापडा’ या नावाने विकले जातात व त्यांची चटणी होते. ओडिशातील मयूरभंजच्या अशाच चटणीला २०२४ च्या आरंभी भौगोलिक मानांकनही मिळाले. दक्षिण चीनमध्ये तर या मुंग्यांची घरटी पिशव्यांत भरून बाजारात येत आणि संत्र्या-मोसंब्यांचे बागाईतदार कीड आवरण्यासाठी ती झाडांवर टांगीत. याची नोंद इ. स. ३०४ मधील मानल्या जाणाऱ्या एका चिनी ग्रंथात आहे. कीटकाकडून कीटकाचा बंदोबस्त करण्याचे हे बहुधा सर्वांत जुने लिखित उदाहरण होय.

बिऱ्हाडाचे प्रकार

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. झाड मुंगीला काय देते, आणि मुंगी झाडाला काय देते?

सर्वांत साधा प्रकार साइक्स यांच्या कौलारू घरट्याचा. येथे झाडाने फक्त फांदी दिली, घर मुंगीने स्वतः बांधले. याच घरट्यात कधी पोटभाडेकरूही येतो. सह्याद्रीत व अन्यत्र आढळणारा तांबूस सुतारपक्षी या मुंग्यांच्या जित्या घरट्यात भोक पाडून आपली अंडी घालतो. एरवी तो त्याच मुंग्या खातो. त्या कडव्या मुंग्या त्याच्या पिलांना राहू देतात, हे नवल पक्षिनिरीक्षकांनी शतकाहून अधिक काळ नोंदविले आहे.

दुसरा प्रकार हुमल्यांचा. हे पानेच एकत्र शिवून घर करतात. १७७० साली कॅप्टन कुक यांच्यासमवेत ऑस्ट्रेलियास गेलेल्या जोसेफ बँक्स यांनी शेकडो मुंग्या एकजुटीने पान ओढून वाकविताना पाहिल्या होत्या. पण पाने चिकटविणारा रेशमी धागा येतो कोठून, हे कोडे १८९० च्या सुमारास सुटू लागले. सिंगापूरच्या वनस्पती उद्यानातील रिडले यांची, तशीच आपल्याकडे एटकेन यांची हुमल्यांवरील टिपणे त्याच काळातील. प्रौढ मुंगीला धागा काढता येत नाही. तो तिच्या अळीला येतो. कामकरी मुंगी अळीला अलगद जबड्यात धरते आणि एका पानाच्या कडेवरून दुसऱ्या पानाच्या कडेकडे फिरवीत राहते. पैठणच्या मागावर विणकराच्या हातून धोटा फिरावा तसे ते लेकरू फिरते आणि घर विणले जाते.

हुमल्यांनी व्यापलेल्या झाडावर कीड कमी असते, हा बागाईतदारांचा अनुभव. काजूचा मोहोर करपविणाऱ्या ढेकण्या किडीला हुमले आवरतात, असे प्रयोगांतही दिसले आहे. उंबराच्या बाबतीत ही राखण अधिक सूक्ष्म आहे. ‘उंबराचे फूल’ आपण दुर्मीळतेसाठी म्हणतो. वस्तुतः उंबराची फुले फळाच्या आतच असतात आणि एक बारीक गांधीलमाशी फळाच्या तोंडातून आत शिरून परागसिंचन करते. मात्र तिच्याच कुळातील काही परोपजीवी माश्या आत न जाता बाहेरूनच फळाला लांब सुई टोचून अंडी घालतात. त्यांना बाहेर बराच वेळ बसावे लागते आणि त्या हुमल्यांच्या तावडीत सापडतात. आत गेलेली उपकारक माशी मात्र सुरक्षित राहते. दत्तसंप्रदायातील आपल्या घराण्यांनी ज्या औदुंबराला प्रदक्षिणा घातल्या, त्याच्या प्रत्येक फळाभोवती अशी चौकी बसलेली असू शकते.

परंतु हुमले हे धर्मादाय पहारेकरी नव्हेत. आंबे उतरविणाऱ्या गड्याला ते कडकडून चावतात, आणि झाडाचा रस शोषणाऱ्या खवलेकिडींना पाळून त्यांच्या अंगातून पाझरणारे गोड पाणी पितात. म्हणजे राखणदाराने अंगणात आपल्या गाई बांधल्या आणि त्या मालकाच्याच शेतात चरू लागल्या. असा गोठा पाहावयास कोकणात जाण्याची गरज नाही. चिंचेच्या किंवा बाभळीच्या कोवळ्या डहाळीवर काट्यासारखे दिसणारे, शिंगे असलेले बारीक किडे ओळीने बसलेले असतात. जवळ गेल्यास त्यांच्याभोवती मुंगळे ठाण मांडून बसलेले दिसतील. हे किडे झाडाचा रस पितात, मुंगळे त्यांचा मधुरस पितात आणि शत्रूंपासून त्यांचे रक्षण करतात. झाडाला यात लाभ किती व हानी किती, याचा हिशेब प्रत्येक ठिकाणी वेगळा निघतो.

तिसऱ्या प्रकारात झाड स्वतःच शिधा काढून ठेवते. एरंडाच्या पानाच्या देठावर बारीक गाठी असतात, कापसाच्या पानामागे मधल्या शिरेवर खळगी असते, बाभळीच्या पानाच्या दांड्यावर ग्रंथी असतात. फुलाशी संबंध नसलेल्या अशा जागी पाझरणारा मधुरस मुंग्यांना बोलावून घेतो. मुंग्या येतात, येता-जाता अळ्या व अंडी उचलून नेतात आणि पानाची राखण होते. मराठवाड्याच्या काळ्या मातीतला कापूस आणि तेलंगणाच्या तांबड्या चालक्यातला एरंड, ही दोन्ही पिके वर्षानुवर्षे या राखणदारांना मुशाहिरा देत आली आहेत. आपल्या खतावण्यांत तो कधी मांडला गेला नाही इतकेच.

चौथा प्रकार सर्वांत विलक्षण. येथे झाड मुंगीसाठी खोल्याच बांधून देते.

खोली देणारी झाडे

१८७४ साली टॉमस बेल्ट या खाण अभियंत्याने निकाराग्वावरील आपल्या पुस्तकात एका बाभळीचे वर्णन केले. तिचे काटे बैलाच्या शिंगांसारखे फुगीर व पोकळ असतात आणि त्यांत मुंग्या राहतात. देठावर मधुरस असतो आणि पर्णिकांच्या टोकांवर पौष्टिक, पिवळसर कण येतात. म्हणजे राहणे व जेवण दोन्ही मालकाकडून. या मुंग्या झाडाच्या खड्या सैन्याप्रमाणे वागतात, असे बेल्ट यांचे मत होते. अनेकांना ती अतिशयोक्ती वाटली. १९६६ साली डॅनियल जँझन यांनी प्रयोगाने उत्तर दिले. त्यांनी काही झाडांवरच्या मुंग्या काढून टाकल्या. ती झाडे किड्यांनी खाल्ली, वेलींनी झाकोळली आणि खुरटून गेली. मुंग्या असलेली झाडे तरारून वाढली. या मुंग्या आमच्या त्या तांबड्या-काळ्या दख्खनी मुंगीच्याच उपकुळातील. एकाच कुळातील एका शाखेला अमेरिकेत सजविलेली खोली मिळाली, तर दुसरी दख्खनमध्ये वाळक्या लाकडात दिवस काढीत राहिली. आपल्या बाभळीनेही शिधा ठेवला, पण काट्यांत घर काही दिले नाही.

भारतात खोली देणारे झाड पाहावयाचे तर सह्याद्रीच्या दक्षिण भागात, कर्नाटक व केरळच्या सदाहरित अरण्यांत जावे लागते. तेथे हम्बोल्टिया नावाचे, शेंगा धरणारे लहान झाड मोठ्या वृक्षांच्या छायेत वाढते. त्याची एक जाती जगात अन्यत्र कोठेही नाही. तिच्या फांद्यांची काही पेरी फुगून पोकळ होतात आणि त्यांना आपोआप बारीक दार पडते. नवलाची गोष्ट अशी, की एकाच रानात काही झाडांना अशा खोल्या असतात, तर शेजारच्या काहींना नसतात. जणू हा व्यवहार करावा की नाही, याचा निर्णय त्या जातीने अद्याप केलेला नाही.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी या झाडाचा दीर्घकाळ अभ्यास केला. २००५ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष बेल्ट यांच्या सुखी चित्राला छेद देणारे आहेत. खोल्यांत राहणाऱ्या मुंग्यांच्या अनेक जाती, परंतु झाडाची खरी राखण करणारी क्वचितच एखादी, तीही काही ठिकाणीच. उलट साइक्स यांच्या कौलारू मुंगीची एक बहीण या झाडाच्या फुलोऱ्यावरच घाला घालते. झाड जगते, पाने येतात, खोल्या वाढतात, पण बी धरत नाही. मालकाचा वंश खुंटवून घर आपल्याकडे ठेवणारा हा बिऱ्हाडकरू.

‘आयत्या बिळावर नागोबा’ ही आपली म्हण येथे आठवते. तेलुगूतही मुंग्यांनी उभारलेल्या वारुळात साप राहावयास येतो, अशा अर्थाची जुनी उक्ती आहे. शास्त्र या दोन्ही भाषांना एक दुरुस्ती सुचविते. नागपंचमीस ज्याची पूजा होते ते वारूळ मुंग्यांचे नसून वाळवीचे, आणि वाळवी ही मुंगीची नव्हे तर झुरळाची आप्त. पण म्हणीचा आशय त्यामुळे बिघडत नाही. एकाने बांधावे व दुसऱ्याने राहावे, हा निसर्गातील नित्याचा क्रम आहे.

हम्बोल्टियाच्या कथेला आणखी एक वळण आहे. त्या खोल्यांत मुंग्यांखेरीज झाडावर चढणारे एक गांडूळही राहते. ते झाडाची कसलीच राखण करीत नाही. तो फुकट्या म्हणावा, तर २०१४ साली असे दाखविण्यात आले, की खोलीत साचणाऱ्या मुंग्यांच्या व गांडुळांच्या मळातील नत्र झाडाच्या ऊतींत शोषले जाते. पहारा न करणारेही भाडे भरीत होते; ते पावतीवर दिसत नव्हते एवढेच. कोण उपयोगी व कोण निरुपयोगी, हे ठरविण्यास किती काळ आणि किती बारकाई लागते, याचा याहून चांगला धडा आम्हांस ठाऊक नाही.

करार कशावर टिकतो

हे नाते टिकते कशावर, याचे उत्तर आफ्रिकेतून मिळाले. केनियाच्या गवताळ प्रदेशातील बाभूळ फुगीर काट्यांत मुंग्यांना जागा देते आणि त्या मुंग्या हत्ती-जिराफांना फांद्या तोडू देत नाहीत. संशोधकांनी काही भागाला कुंपण घालून मोठे प्राणी दहा वर्षे बाहेर ठेविले. झाडे आता सुखात वाढतील अशी कोणाचीही कल्पना होईल. २००८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष उलटा होता. शत्रू नाहीसा होताच झाडांनी मधुरस व काट्यांच्या खोल्या कमी केल्या. राखण करणाऱ्या मुंग्या दुबळ्या झाल्या आणि रस शोषणारे किडे अधिक पाळू लागल्या. त्यांच्या जागी दुसरी, राखण न करणारी जात आली. तिच्या काळात खोड पोखरणारे भुंगे शिरले आणि झाडे अधिक प्रमाणात मेली. ज्या संकटासाठी करार झाला होता ते संकट टळले, आणि करारही विस्कटला.

याच प्रदेशातील दुसरा निष्कर्ष २०२४ चा. माणसांच्या मालवाहतुकीबरोबर आलेल्या एका परकीय मोठ्या डोक्याच्या मुंगीने मूळच्या राखणदार मुंग्या मारल्या. मग हत्तींनी बाभळी मोडल्या, माळ उघडा पडला, सिंहांना दबा धरण्यास आडोसा उरला नाही, आणि झेब्र्यांऐवजी ते रानरेड्यांची शिकार अधिक करू लागले. तांदळाच्या दाण्याएवढ्या जिवाच्या मृत्यूने सिंहाचे भोजन बदलले, हे कोणा पुराणकाराने लिहिले असते तर आपण रूपक म्हणून सोडून दिले असते.

या साऱ्यांतून एकच गोष्ट निष्पन्न होते. मुंगी आणि झाड यांचे नाते मैत्रीचे की शोषणाचे, हा प्रश्नच नीट मांडलेला नाही. ते नाते दर मोसमास नव्याने ठरते. कोण राहावयास आले, शेजारी कोण आहे, बाहेर संकट कोणते आहे, यांवर ते अवलंबून असते. आणि ते जुळण्यास लागतो काळ.

आपल्या गावातील झाडे

येथे आम्ही पुन्हा हैदराबादेकडे येतो. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुशीला महापूर आला. अफझलगंजच्या रुग्णालयाच्या, म्हणजे आजच्या उस्मानिया रुग्णालयाच्या, आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे १५० माणसांनी जीव वाचविला. शहराच्या इतिहासात त्या चिंचेचे नाव त्यामुळे राहिले. त्या एका रात्री माणसे झाडावरची बिऱ्हाडकरू झाली. एरवी अशा जुन्या चिंचेवर मुंगळे, पाखरे, खारी, वाळवी यांची बिऱ्हाडे पिढ्यान्‌पिढ्या चालू असतात. आपली नोंद मात्र आपल्या संकटाच्या रात्रीपुरतीच होते.

अलीकडच्या काळात चेवेळ्याच्या रस्त्यावरील सुमारे नऊशे वडांचा प्रश्न गाजला. रस्ता रुंद करावयाचा तर हे वड उपटून दुसरीकडे लावावेत, असा एक पर्याय पुढे आला होता. त्याविरुद्ध नागरिक हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. झाड हलविणे आज यंत्रांमुळे शक्य झाले आहे, आणि कुऱ्हाडीपेक्षा ते बरेच म्हणावयाचे. परंतु हलविण्यापूर्वी फांद्या छाटाव्या लागतात, मुळे तोडावी लागतात. नव्या जागी जाते ते खोड. फांद्यांवरची घरटी, वाळक्या लाकडातील मुंग्या, साऱ्यांची बिऱ्हाडे रस्त्यावर पडतात. झाड स्थलांतरित होते, परंतु त्याचा संसार होत नाही. झाडांच्या संख्येचा तक्ता पूर्ण भरला, म्हणून हानी झाली नाही असे समजणे हा मोठा भ्रम आहे. नव्या वसाहतींत लावलेली एकसारखी, शोभेची झाडे पाहतानाही हाच विचार मनात येतो. हिरवाई लवकर येते, बिऱ्हाडे उशिरा येतात.

आमच्या बाग अंबरपेठेतील बतुकम्मा कुंटा हे बुजलेले तळे पुन्हा खोदून २०२५ साली खुले करण्यात आले, ही आनंदाची घटना. पाणी परत आणता येते, हे त्यावरून सिद्ध झाले. काठावरच्या झाडांवर मुंग्यांच्या वाटा उमटण्यास काही वर्षे जावी लागतील. तोवर वाळकी फांदी दिसली की छाटावी आणि मुंगी दिसली की पावडर मारावी, हा उत्साह आवरला तर पुरे.

मनुष्याच्या इतिहासाला निसर्गातील उपमा फार ताणून लावू नयेत, हे आम्ही जाणतो. मुंगीला करार समजत नाही आणि झाडाला कृतज्ञता ठाऊक नाही. तरीही आमच्यासारख्या, पिढ्यांपूर्वी येथे बिऱ्हाड थाटलेल्या घराण्यांना हा विषय थोडा जवळचा वाटणे स्वाभाविक आहे. १९५६ साली हैदराबाद राज्याचे भाषावार विभाजन झाले तेव्हा मराठवाडा तिकडे गेला आणि आपण येथे राहिलो. आपण येथले की तिकडचे, हा प्रश्न तेव्हापासून आपल्याला विचारला जातो व आपणही स्वतःला विचारतो. झाडावरचा व्यवहार पाहिला म्हणजे वाटते, की रहिवास मुळांवरूनच ठरविला पाहिजे असे नाही. घेतले काय आणि परत दिले काय, हेही विचारता येते. शाळा, ग्रंथालये, वैद्यकी, वकिली या रूपांनी आपल्या वाडवडिलांनी भाडे भरले. त्यांतले बरेचसे हम्बोल्टियातील गांडुळाप्रमाणे पावतीवाचून जिरले, तरी झाडाच्या अंगी लागले.

आता एक विनंती. ज्यांच्या वाड्यात किंवा वाड्याच्या आठवणीत जुने चिंच, वड, उंबर, कडुलिंब असेल त्यांनी त्याचे टिपण करून ठेवावे. झाड कोणी लावले, केव्हा पडले किंवा तोडले, त्याच्या ढोलीत व फांद्यांवर कोण राहत असे, मुंग्यांची रांग कोणत्या बाजूने चढे, आजी बुंध्याशी पीठ-साखर कोणत्या दिवशी घालीत असे, हे सारे चार ओळींत लिहिले तरी चालेल. साइक्स यांच्या मेजावर पडलेली एक मुंगी लिहून ठेवल्यामुळे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ टिकली. आपल्या अंगणातील मुंग्यांची रांग लिहिली नाही, तर ती आपल्यानंतर कोणालाच दिसणार नाही.